एक नंबर मोठा पंप

पोहण्याच्या तलावासाठी पंप हवा, असं म्हणत पहिलं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं तेव्हा मी त्याला विचारलं, "पाणी कुठं चढवायचं?" तो म्हणाला, "कुठंच नाही." मी विचारलं, "मग उपसून टाकायचं कुठं?" तो म्हणाला, "उपसायचं नाही. तलावातलं पाणी काढायचं, गाळायचं आणि तलावातच परत सोडायचं." मी त्याला आधी चहा पाजला. उन्हातून आलेल्या माणसाचं डोकं थोडं निवू द्यावं, असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं.

माझं दुकान पेणला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. एका बाजूला गणपतीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला मी. जळालेल्या मोटरींना नवी तार भरायची आणि नवे पंप विकायचे, हा माझा तीस-पस्तीस वर्षांचा उद्योग. नाव अब्राहम, पण सगळे आबामिस्त्री म्हणतात. आम्ही कोकणातले ज्यू, शनिवार पाळणारे. आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. घाणा गेला, दुकान आलं, शनिवार तेवढा राहिला. बाकीचे नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले. मी का राहिलो असं कुणी विचारलं तर सांगतो, तिकडच्या मोटरी माझ्या ओळखीच्या नाहीत. शनिवारी मी काय करायचो? खोटं कशाला सांगू, प्रार्थना थोडी आणि झोप भरपूर. पण शटर उघडायचं नाही आणि गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे मात्र कडक.

नव्वद सालानंतर पेण ते रोहा पट्ट्यात मुंबईकरांनी डोंगराच्या कडेकडेनं जमिनी घेतल्या आणि बंगले बांधले. बंगला झाला की तलाव आलाच. कोलाडच्या एका गृहस्थांनी आंब्याच्या आकाराचा तलाव बांधला. त्यात माणूस पोहलेला मी पाहिला नाही, पण कुंपण तुटलं तेव्हा दोन म्हशी दुपारभर बसल्या होत्या आणि फिल्टर साफ करायला मला बोलावणं आलं होतं. रोह्याच्या एका डॉक्टरांना पंपानं समुद्रासारख्या लाटा यायला हव्या होत्या. मी त्यांना सांगितलं, "अलिबाग इथून लांब नाही."

आता धंद्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. घरच्या तलावाच्या पंपाला जोर लागतच नाही. शेतकऱ्याच्या पंपाला साठ फूट खालून पाणी उचलायचं असतं. तलावाच्या पंपाला ते फक्त नळीतून आणि वाळूच्या फिल्टरमधून ढकलायचं असतं. तलावात किती पाणी आहे ते मोजायचं, ते सात-आठ तासांत एकदा सगळं फिरेल असा भागाकार करायचा, की पंप ठरला. पाणी जितकं सावकाश फिरवाल तितकी वीज वाचते. वेग निम्मा केला तर वेळ दुप्पट लागतो, पण नळीशी झगडण्यात जाणारा जोर इतका उतरतो की एकूण वीज निम्म्याहूनही कमी लागते. शिवाय सावकाश गेलेलं पाणी वाळूत नीट गाळलं जातं. छोटा पंप, जाड नळी, जास्त तास. सहा शब्दांचं शास्त्र आहे. मला ते तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. पंपाच्या कंपनीनं दिलेल्या पुस्तकात त्याचा आलेख होता आणि ते पुस्तक गल्ल्यामागच्या फळीवर होतं.

पण आमच्या हाताला वेगळीच सवय लागलेली. आमच्या तालुक्यात हिशोबाइतका पंप कुणी विकत नसे. वीज कमी दाबानं यायची. लांबच्या वाडीवर तीन हॉर्सपॉवरची मोटर दोनसारखी फिरायची. म्हणून तीन लागेल तिथं पाच द्यायचा. याला आम्ही ‘एक नंबर मोठा’ म्हणायचो. गिऱ्हाईक खूश आणि मिस्त्री निर्धास्त. मग त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजाऱ्याचा दाब आणखी उतरायचा आणि तो येऊन साडेसात मागायचा. सगळेच एकेक नंबर मोठे झाले तरी ट्रान्सफॉर्मर तेवढाच राहतो, हे आम्हाला कळत होतं. पण आपल्या एकट्याच्या नंबरानं काय होणार आहे, असं प्रत्येकाला वाटायचं. मलाही वाटायचं.

दिवाणसाहेबांचा बंगला धरमतरच्या खाडीकडे उतरणाऱ्या एका टेकडीवर होता. वाडीचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथं राहतात. तलाव तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. मी भागाकार केला तर दीडचा पंप आरामात पुरत होता. म्हटलं, नवीन प्रकार आहे, दोन घ्या. मग म्हटलं, लाइनच्या शेवटी आहात, तीन घ्या. मग सवयीनं पाच म्हणालो. दिवाणसाहेब म्हणाले, "पाहुणे येतात हो आमच्याकडे. पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. त्याच्याहून मोठा नाही का?" मी साडेसातचा दिला. दीडच्या जागी साडेसात. आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की आज चांगलं काम झालं.

टेकडीच्या पायथ्याशी वाडीची विहीर होती. पलीकडची सगळी जमीन खारी, तिथं खणलं तर मचूळ पाणी लागतं. त्यामुळे अख्खी वाडी या एका विहिरीवर. विहिरीवर पंचायतीची पाचची मोटर, तिथून पाणी उंचवट्यावरच्या टाकीत आणि टाकीतून नळावर. मोटर चालवायला हसुराम म्हात्रे होता. पन्नाशीचा माणूस, आधी मिठागरावर काम केलेला. नळयोजना आली तेव्हा पंचायतीनं त्याला नेमलं आणि तेव्हापासून तो स्वतःला पानीवाला म्हणवून घ्यायचा. सकाळी सहा ते आठ आणि दुपारी चार ते सहा, मोटर चालू असेपर्यंत तो शेजारून उठत नसे. मोटरीच्या अंगावर पंजा ठेवून बसायचा. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "हसुराम, ताप आलाय का तिला?" तो गंभीरपणे म्हणाला, "आज नाय. बरी हाय आज."

पहिली मोटर जळली ती दिवाणसाहेबांचा तलाव भरल्यानंतर दोनेक महिन्यांनी. रविवारी सकाळी शटर उघडायला गेलो तर हसुराम दुकानाच्या पायरीवर बसलेला, शेजारी दोरीनं बांधलेली मोटर. मी ती उघडली, नवी तार भरली, गुरुवारी बसवून दिली. महिन्याभरानं पुन्हा रविवार, पुन्हा तीच पायरी. या वेळी तो आत आला नाही. पायरीवरूनच म्हणाला, "मिस्तरी, हिला काय हुतं ता बगा. मी हाताखालशी सोडली नाय हिला."

जळालेली मोटर उघडली की ती का जळाली हे वाचता येतं. विहीर आटलेली असताना कोरडीच फिरवली तर पंपाकडचे बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, आधी घासून जातात. तीनपैकी एक फेज गेली असेल तर दोन बाजूंची तार काळी होते, तिसरी चांगली राहते. आणि वीज कमी दाबानं आली तर मोटर जास्त ओढते, तापत जाते आणि तिन्ही बाजू सारख्या काळ्या होतात. अशा वेळी स्टार्टरनं मोटर आपोआप बंद करायला हवी. पण त्यातला बंद करणारा भाग मी स्वतःच तारेनं बांधून टाकला होता. तालुक्यात सगळीकडे बांधतात, नाहीतर कमी दाबात मोटर चालूच राहत नाही. हसुरामच्या मोटरीचे बुश नव्यासारखे होते आणि तार तिन्ही बाजूंनी काळी होती. मी ते पाहिलं आणि पुढच्या कामाला लागलो.

अगदीच काही केलं नाही असं नाही. दुसरी मोटर बसवायला गेलो तेव्हा मीटर लावून दाब मोजला. चारशे व्होल्ट, चोख. तो गुरुवार होता. मी म्हटलं, "वीज तर ठीक आहे रे. तूच कोरडी चालवली असशील. डोळा लागला असेल."

हसुराम म्हणाला, "शनवारी येऊन बगा. शनवारचा हिचा आवाजच निराला येतो. रडते ती."

"शनिवारी मी येत नाही. ठाऊक आहे ना तुला?"

"व्हय, ठावं हाय," तो म्हणाला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

तिसरी मोटर रविवारी आली तेव्हा सोबत सरपंच होते. वाडीला चार-चार दिवस पाणी नाही, बायका चिडलेल्या. सरपंचांना कारण लेखी हवं होतं. मी मोटर उघडली, तिन्ही बाजू काळ्या पाहिल्या आणि लेटरहेडवर लिहून दिलं: ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे मोटर कोरडी चालून जळाली आहे.’ हे वाक्य माझ्या हाताला पाठ होतं. तालुक्यातल्या निम्म्या मोटरींवर मी तेच लिहीत असे, कारण त्याचा कुणाला त्रास होत नाही असा माझा समज होता. हसुराम पायरीवरच बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं. मी कागद सरपंचांना देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पाना शोधायला आत गेलो.

कागद गावच्या सभेत वाचला गेला आणि हसुरामचं काम काढून घेतलं. त्याच्या जागी सरपंचांचा पुतण्या आला. आठ दिवसांनी हसुरामची बायको गुणाबाय दुकानात आली. पेणला बाजाराला आली होती, डोक्यावर सुक्या मासळीची पाटी होती. पाटी उतरवली नाही.

"तुमी लिवलंत का, ह्यो झोपला व्हता म्हनून?"

मी म्हटलं, "कागदावर तसंच लिहायची पद्धत आहे, बाय."

"पद्धत हाय व्हय?" ती म्हणाली. "नलावर मना बाया बोलतान, तुझे दादल्यानं पोरांना तानेलं ठेवलं. मी आता नलावर जात नाय. जुन्या तल्याचं पानी आनते."

जुन्या तळ्याचं पाणी मचूळ, गुरंसुद्धा नाखुशीनं पितात. त्या दिवशी काहीतरी करायला हवं होतं. मी तिला चहा विचारला. ती नको म्हणून गेली.

दोन महिन्यांनी चौथी मोटर आली. रविवारी. ती पुतण्याच्या हातून जळाली होती, त्यामुळे कारण लेखी मागायला कुणी आलं नाही. मी कामाची वही काढली आणि मागची पानं उलटली. चारही नोंदी रविवारच्या. रविवारी येणारी मोटर शनिवारी जळते, हे कळायला मला चार मोटरी लागल्या. मोटर गुरुवारी बसवली, पण सांगून आलो की शनिवारी मी येईपर्यंत चालवू नका.

शनिवारी दुपारी मी सदरा घालून निघालो तेव्हा बायकोनं विचारलं, "कोण गेलं?" शनिवारी मी फक्त मयतालाच घराबाहेर पडत असे. मी म्हटलं, "अजून कुणी नाही." एसटीत बसलो तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

चार वाजता मीटर लावून मोटर सुरू केली. तीनशे नव्वद. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काटा जागचा हलेना. मग अचानक तो खाली आला. तीनशे तीस, तीनशे, दोनशे नव्वद. मोटरीचा आवाज बदलला. रडते म्हणजे काय ते मी पहिल्यांदा ऐकलं. बटण बंद केलं आणि वर पाहिलं. विहिरीजवळच्या ट्रान्सफॉर्मरवरून दोन लाइनी निघत होत्या. एक आमच्याकडे येत होती. दुसरी टेकडी चढून दिवाणसाहेबांकडे जात होती. साहेब कुटुंबासह शनिवारी सकाळी यायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे. पाणी एकदा फिरवून घ्यायचं म्हणून त्यांचा पंप शनिवारीच चालायचा. आठवड्याचे बाकीचे दिवस मी फिरतीवर असे, शनिवारी तो चाले. पुतण्याला मी सांगितलं, मी वरून हात केला की मोटर सुरू कर आणि काट्यावर लक्ष ठेव. आणि टेकडी चढलो.

पंपाच्या खोलीत स्टुलावर खाकी सदरा घातलेला माणूस बसला होता. साडेसातच्या अंगावर पंजा ठेवून. हसुराम.

मला बघून तो मनापासून हसला. "मिस्तरी, तुमी? आन शनवारी?" मग कौतुकानं सांगायला लागला, माळी गावी गेला, साहेबांना पंप चालवणारा माणूस हवा होता, साहेब म्हणाले तू पाणीवाला आहेस ना, मग ये. दोन महिने झाले. इथं कुणी मागचं काढत नाही. "लई जोर हाय हिला," तो म्हणाला. "कॉक पुरा उघरला तं पानी तलावाभायेर जातं. मी अर्धा बंद ठेवतू."

म्हणजे साडेसात लावायचे आणि कॉक पिळून त्यातला निम्मा जोर वाया घालवायचा. ती सारी वीज वाडीच्या तोंडची होती, आणि ती तलावातसुद्धा जात नव्हती.

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायची हिंमत नव्हती. फक्त म्हटलं, "जरा बंद कर." त्यानं बंद केला. मी बाहेर येऊन पुतण्याला हात केला. खालची मोटर सुरू झाली, तिचा आवाज टेकडीवर स्वच्छ ऐकू येत होता. मग म्हटलं, "आता चालू कर." त्यानं बटण दाबलं. क्षणभरातच खालचा आवाज उतरला.

हसुरामचा हात बटणावरच राहिला. मला काही बोलावं लागलं नाही. ती मोटर तो माझ्याहून जास्त ओळखत होता.

"खालची रडली," तो म्हणाला.

"हो."

त्यानं पंप बंद केला. खालचा आवाज पुन्हा वर आला. त्यानं दाराशी जाऊन तो ऐकला.

"हिच्यापायी व्हय? ही कोनी दिली साहेबाला?"

"मी दिली."

 मला वाटलं आता हा मला शिव्या देईल, आणि त्यानं द्याव्यात असंही वाटलं. पण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"मंग चवथी जलली तवा हितं बटन मीच दाबला व्हता."

"तुला काय माहीत होतं, हसुराम?"

"दाबला तं मीच ना."

त्यानं खोलीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि टेकडी उतरून गेला.

मी दिवाणसाहेबांकडे गेलो. ते व्हरांड्यात बसले होते. मी सांगितलं की पंप चुकीचा दिलाय, बदलून छोटा देतो, खाली वाडीची मोटर जळते. ते म्हणाले, "वाडीची लाइन वेगळी करून घ्यायला सांगा ना वीजवाल्यांना." मी म्हटलं, छोट्या पंपाला वीज फार कमी लागते. ते म्हणाले, आठवड्यातून दोन दिवस येतो, विजेचं काय घेऊन बसलात. तेवढ्यात आतून बाईंनी विचारलं, "छोट्या पंपाचा आवाज कमी येतो का हो? दुपारी झोपता येत नाही." मी म्हटलं, "अजिबात येत नाही." पंप त्या एका वाक्यावर बदलला. पुढच्या आठवड्यात दीडचा बसवला, नळी जाड केली, कॉक पूर्ण उघडा ठेवला. पाणी आधीपेक्षा स्वच्छ राहू लागलं. वाडीची मोटर त्यानंतर जळाली नाही. दिवाणसाहेबांनी चार मित्रांकडे माझं नाव केलं आणि रोह्यापासून पनवेलपर्यंत मी वीज वाचवणारा मिस्त्री म्हणून ओळखला जाऊ लागलो. अजूनही कुणी तसं म्हणालं की मला मान खाली घालावीशी वाटते.

पण हे पुढचं झालं. टेकडी उतरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवीन लेटरहेड घेतलं आणि सगळं लिहून काढलं. मोटरी कमी दाबानं जळाल्या, दाब मी विकलेल्या पंपानं उतरला, आधीचा दाखला चुकीचा होता, हसुराम म्हात्रे यांचा काही दोष नाही. सोमवारी तो कागद घेऊन सरपंचांकडे गेलो. त्यांनी वाचला आणि हसून घडी घातली.

"मिस्त्री, कशाला त्याच्यासाठी खोटं लिहिता? तो स्वतःच कबूल झाला."

शनिवारी संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर वाडीतली माणसं बसली होती. तिथं जाऊन हसुराम उभा राहिला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाला होता, मोटर मी जाळली.

"चौथी म्हणाला असेल," मी म्हटलं. "चौथी मी जाळली, असं."

"चौथी म्हणाला, तिसरी म्हणाला, मोटर ती मोटरच. आम्हाला आधीच ठाऊक होतं. तुमच्याच कागदात होतं." त्यांनी घडी माझ्या हातात परत दिली. "तालुक्याला नाव आहे तुमचं. आपल्याच हातानं कशाला घालवता?"

आणि मी ती घडी खिशात घातली. इथं थोडं थांबतो, कारण या लेखात मला खरं तर एवढंच सांगायचं होतं. पहिला कागद मी न बघता लिहिला. दुसरा बघून लिहिला आणि खिशात घातला. देवळाच्या पायऱ्या वीस पावलांवर होत्या, दुपारची वेळ होती, माणसं बसलेली होती. मी एसटी थांब्याकडे वळलो.

वाटेत हसुरामचं घर लागत होतं. तो ओट्यावर कपडे बांधत होता. धरमतरच्या जेट्टीवर बार्ज भरायच्या कामाला निघाला होता. गुणाबाय तळ्यावर गेली होती.

मी म्हटलं, "असं का बोललास? लोकांनी सगळ्याच मोटरी तुझ्यावर घातल्या."

"मी खोटं नाय बोललू. चवथी जालली ती मीच." त्यानं गाठ मारली. "पुतन्याला लोका बोलत व्हती. त्याचा काय दोष?"

मी खिशातला कागद काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"मना कुटं वाचता येतं? वाचायचा तं तकडं देवलाशी जाऊन वाचा." मग गाठोडं उचलताना, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुमी शनवारी आलात, मिस्तरी. बरं झालं. जरा आदीच्या शनवारी यायचात."

हसुराम आता नाही. गुणाबाय शेवटपर्यंत नळावर गेली नाही, असं मला त्या वाडीतल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. तो कागद त्या आलेखाच्या पुस्तकात आहे आणि पुस्तक फळीवर. पंप घ्यायला कुणी आलं की मी एक नंबर लहान सांगतो. लोक हसतात आणि पलीकडच्या दुकानात जाऊन एक नंबर मोठा घेतात. शनिवार मी अजून पाळतो, फक्त झोप येत नाही. आणि रविवारी सकाळी शटर उघडण्याआधी पायरीकडे बघतो. पायरी रिकामी असते.